पंच, सांग्रिया आणि थादल



उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्याख्यानाला येणारा मनुष्य ज्ञानाची तहान घेऊन येतो, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते खरेही असेल. परंतु त्याआधी त्याला दुसरी, साधी तहान लागलेली असते, हे आम्ही विसरत नाही. दाराशी ठेवलेल्या पाण्याच्या पिंपाभोवती आत्ता जी गर्दी होती, ती आम्ही पाहिली आहे. तेव्हा आज त्या साध्या तहानेचाच थोडा इतिहास सांगावा, असा आमचा बेत आहे.

निमित्त असे की, अलीकडे शहरांतील कित्येक घरांत उन्हाळ्यात ‘सांग्रिया’ नावाचे पेय करू लागले आहेत. तांबड्या वाइनमध्ये संत्री, मोसंबी, सफरचंद अशा फळांच्या फोडी टाकावयाच्या, थोडी साखर घालावयाची, दालचिनीचा एक तुकडा सोडावयाचा, काही तास ते मुरू द्यावयाचे आणि मग बर्फ व सोडा घालून मोठ्या भांड्यातून सर्वांना वाढावयाचे, ही त्याची रीत. हे ऐकून आपल्यापैकी कोणी नाक मुरडील, तर कोणी खुर्ची जरा पुढे सरकवील. दोघांनीही थोडा धीर धरावा. आम्हांला ह्या पेयाची जाहिरातही करावयाची नाही आणि निंदाही करावयाची नाही. ज्या कॅम्प ५ मध्ये आपण आज बसलो आहोत, त्या गावात हे परदेशी भांडे येऊन पोहोचले, त्याआधी येथे उन्हाळ्यात काय पीत होते आणि का, हे पाहावयाचे आहे.

प्रथम नावाकडे वळू. ‘सांग्रे’ म्हणजे स्पॅनिश भाषेत रक्त. पेयाचा रंग तांबडा, म्हणून नाव सांग्रिया. रक्त काढण्याच्या जुन्या वैद्यकी उपचारालाही त्या भाषेत हाच शब्द आहे. १७३६ साली लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरील गॉर्डन नावाच्या एका पेयविक्रेत्याने मदीरा बेटावरील वाइनपासून ‘सांग्रे’ नावाचे नवे पेय काढल्याची नोंद तेथील नियतकालिकात सापडते. सांग्रियाला जगभर प्रसिद्धी मिळाली ती मात्र फार उशिरा. १९६४ साली न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरले. त्यातील स्पेनच्या दालनात अमेरिकन लोकांनी ती चाखली आणि तेथून ती सर्वत्र पसरली. पुढे तिची कीर्ती इतकी वाढली की, २०१४ साली युरोपीय संघाने नियम करून हे नाव बांधून टाकले. त्या नियमाप्रमाणे नुसत्या ‘सांग्रिया’ ह्या नावाने विकावयाचे पेय स्पेन किंवा पोर्तुगालमध्येच तयार झालेले असले पाहिजे, आणि त्यातील मद्यार्काचे प्रमाण साडेचार टक्क्यांहून कमी नसावे व बारा टक्क्यांच्या आत असावे.

आता लंडनच्या त्या गॉर्डनने आपल्या पेयाला काय म्हटले, ते पाहा. त्याने त्याला ‘पंचा’चा एक नवा प्रकार म्हटले. येथे आपले कान टवकारले पाहिजेत. हा पंच म्हणजे मुष्टिप्रहार नव्हे. ते एका पेयाचे नाव आहे, आणि त्या नावाचा माग काढीत गेले की आपण थेट सुरतेच्या बंदरात येऊन उतरतो. १६३८ साली मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेस आला होता. तेथील इंग्रज व्यापारी दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर एकत्र करून पितात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच शतकात १६७२ च्या सुमारास मुंबई-सुरतेकडे आलेल्या फ्रायर नावाच्या इंग्रज वैद्याने तर सरळच सांगितले की, ह्या पेयात पाच वस्तू असतात आणि हिंदुस्थानी भाषेतील पाच ह्या संख्येवरून त्याचे नाव पडले आहे. ‘पंचन’ नावाच्या पिंपाशी ह्या शब्दाचे नाते जोडणारेही विद्वान आहेत. परंतु त्या काळचा प्रत्यक्ष पाहणारा मनुष्य पाचाची साक्ष देतो, ही गोष्ट लहान नाही.

पाच वस्तू कोणत्या? मद्य, आंबट, गोड, सुगंधी मसाला आणि पाणी. हाच हिशेब सांग्रियाला लावून पाहा. वाइन हे मद्य, लिंबू-संत्रे हे आंबट, साखर गोड, दालचिनी मसाला, आणि बर्फ किंवा सोडा हे पाणी. बेरीज बरोबर पाच येते. म्हणजे स्पेनच्या दालनातून जगभर गेलेल्या ह्या पेयाची घडण आपल्या किनाऱ्याला अपरिचित नव्हती. निराळ्या नावाने ती आपल्या बंदरांतून तीनशे वर्षांपूर्वीच जाऊन आलेली होती.

परंतु पंचाच्याही मागे जावयास हवे, कारण इंग्रज सुरतेला आले तेव्हा येथील लोक काही कोरडे बसलेले नव्हते. आंबट फळाचा रस, गोडी, सुगंध आणि पाणी ह्यांचे मिश्रण करून त्याला ‘पानक’ म्हणण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत पानके आहेत. चैत्रातील हळदीकुंकवाला आपल्या घरी जे पन्हे होते, तो शब्द ह्या पानकाचाच उतारा. कैरी आंबट, गूळ गोड, वेलदोडा सुगंधी आणि माठातले पाणी. पाचांपैकी येथे चार झाल्या; पाचवी, म्हणजे मद्य, तेवढी नाही.

ती पाचवी वस्तू आपल्याकडे ठाऊक नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. कौटिल्याने अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या मद्याला त्याने मधु म्हटले असून, कापिशायन आणि हारहूरक ही त्याची देशांवरून पडलेली नावेही दिली आहेत. म्हणजे द्राक्षाचे मद्य वायव्येकडून येत असे. समुद्रमार्गेही ते येई. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या प्रवासवर्णनात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात मद्य सांगितले आहे, आणि त्यांतही इटलीच्या मद्याला पसंती होती असे म्हटले आहे. त्याच ग्रंथात आपले शेजारचे कल्याण बंदर म्हणून उल्लेखिले आहे. मुंबईच्या खाडीतील घारापुरी बेटावर भूमध्यसमुद्राकडील मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. उल्हास नदीच्या मुखाकडचा हा प्रदेश म्हणजे काही कालपरवा बराकी उभारून वसविलेली ओसाड माळजमीन नव्हे. कॅम्प ५ च्या शेजारीच अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलालेख घेऊन उभे आहे.

कौटिल्याच्या त्या प्रकरणातील एका गोष्टीकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. मद्याचा धंदा त्याने राज्याच्या हाती ठेवला आहे, विक्रीची ठिकाणे बांधून दिली आहेत, दंड सांगितले आहेत. तरीही कुटुंबवत्सल गृहस्थाला कार्यप्रसंगी पांढरी सुरा, आणि औषधासाठी अरिष्ट, घरी करण्याची मुभा त्याने ठेवली आहे. म्हणजे घरात काय करावे आणि राज्याने कोठे हात घालावा, हा प्रश्न दोन हजार वर्षांचा जुना आहे. पानकाच्या चार वस्तूंसाठी कोणत्याही राजाला कायदा करावा लागला नाही. कायदा लागतो तो पाचव्या वस्तूला. हे ध्यानी ठेवून आता आपण आपल्या गावात येऊ.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्यासाठी मोठी छावणी उभारण्यात आली. युद्ध संपले, सैनिक गेले, बराकी रिकाम्या पडल्या. पुढे देशाची फाळणी झाली. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि त्यानंतर सिंधमधील हिंदू कुटुंबे हजारोंनी बोटींत बसून मुंबईच्या किनाऱ्याला लागली. त्यांतील लाखाच्या घरातील माणसे ह्या छावणीच्या पाच भागांत आणून ठेवली गेली. हेच आपले पाच कॅम्प. सैनिकांसाठी पाडलेले क्रमांक संसाराच्या पत्त्यांना चिकटले आणि आजतागायत सुटले नाहीत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते ह्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले.

आता ह्या तारखेशेजारी दुसरी तारीख ठेवा. मुंबई राज्याने १९४९ सालीच दारूबंदीचा कायदा केला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी सुरू झाली. दोन्ही तारखांत अंतर आठच महिन्यांचे. म्हणजे ‘उल्हासनगर’ ह्या नावाने ह्या गावावर जो पहिला उन्हाळा आला, तो दारूबंदीचा पहिला उन्हाळा होता. ह्या गावाचे बाळपण दारूबंदीत गेले. सांग्रियाच्या पाच वस्तूंपैकी एक वस्तू येथे जन्मापासूनच, निदान कायद्याने, वर्ज्य होती.

मग त्या उन्हाळ्यात ह्या बराकींतून लोकांनी प्यावे तरी काय? ह्याचे उत्तर सिंधी घरांतून आजही ऐकू येते. ते म्हणजे थादल. सिंधी भाषेत ‘थधो’ म्हणजे थंड. त्याच घराण्यातला हा शब्द. श्रावणात शिळे, थंड अन्न खाऊन पाळतात तो थधडीचा सणही त्याच घराण्यातला. सिंधचा उन्हाळा आपल्यापेक्षा कडक. तेथील हैदराबाद शहरात घरांच्या छपरांवर वारा पकडून खाली आणणारे झरोके असत, त्यांना मंघ म्हणत. जुन्या छायाचित्रांत त्या शहराची सारी छपरे अशा मंघांनी भरलेली दिसतात. घर सोडणाऱ्याला मंघ उचलून आणता येत नाही. तो तेथेच राहिला. बराकीत आले ते हाताला ठाऊक असलेले काम.

थादलीचे काम असे. बदाम, खसखस आणि कलिंगड-खरबुजाच्या बियांचा मगज रात्री पाण्यात भिजत घालावयाचा. सकाळी बदाम सोलून, त्यांत बडीशेप, वेलदोडे, काळी मिरी आणि गुलाबाच्या पाकळ्या टाकून सारे कूंडीत दांड्याने घोटावयाचे. कूंडी म्हणजे जाड बुडाचे मातीचे भांडे. घोटता घोटता थोडे थोडे पाणी घालावयाचे, मलमलीच्या फडक्यातून गाळावयाचे, चोथा पुन्हा घोटून पुन्हा गाळावयाचा, आणि मग साखर, गार पाणी किंवा दूध घालून प्यावयाचे. ह्या कामाला मनगट लागते आणि वेळ लागतो. वाटलेल्या बियांतील तेल पाण्याशी मिसळून दुधासारखे पांढरे होते, ते घोटण्यानेच. घाई केली तर तेल वेगळे आणि पाणी वेगळे. उत्तरेकडील ठंडाईप्रमाणे ह्यातही काही प्रसंगी भांग मिसळण्याची चाल आहे. परंतु ती प्रसंगापुरती. रोजची थादल भांगेवाचून होते आणि तिच्यात काही उणे राहिले आहे असे कोणाला वाटत नाही.

म्हणजे येथेही तेच दिसते. नशेची वस्तू घातली तर चालते, न घातली तरी पेय पुरे होते. एका गल्लीत कैरीचे पन्हे, दुसरीत थादल, आणि दोन्हींचा हिशेब एकच. फाळणीने माणसे इकडून तिकडे फेकली. मराठी आणि सिंधी शेजाऱ्यांची भाषा एक नव्हती, सण एक नव्हते. पण उन्हातून आलेल्याला आधी गार पेय द्यावे आणि मग कामाचे विचारावे, हा आचार दोघांचाही होता.

दारूबंदीने लोकांची तहान बदलली का? इतिहासकाराने येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. कायद्याचा हेतू थोर होता. मद्यपानाने उजाड झालेली मजुरांची घरे डोळ्यांसमोर ठेवून तो केला गेला, आणि आपल्या घटनेच्या ४७ व्या कलमातही राज्याने दारूबंदीचा प्रयत्न करावा असे सांगितले आहे. १९५१ साली बालसारा ह्यांच्या प्रसिद्ध खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बहुतांशी उचलून धरला. मात्र ज्यांत मद्यार्क असतो अशी औषधे आणि प्रसाधनाची द्रव्ये ह्यांवरील बंदी अवाजवी ठरवून तेवढा भाग रद्द केला. कौटिल्याने गृहस्थाच्या घरातील औषधी अरिष्टाला जी सूट दिली होती, तिची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. दुसरीकडे, काळा गूळ आणि नवसागर घालून लावलेल्या हातभट्ट्या मुंबईभोवतीच्या खाड्यांतून पेटल्या. चोरून केलेली वस्तू तपासून घेता येत नाही. बंदी सैल होऊन कित्येक दशके लोटल्यावरही तो चोरधंदा मेला नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन मेली. ती गरीब माणसे होती. स्वस्त पेल्याची किंमत त्यांनी कशी दिली, हे ज्याला आठवते तो ह्या विषयावर थट्टेने बोलणार नाही.

१९६० नंतरच्या दशकात महाराष्ट्राने बंधने सैल केली, तरी तो कायदा गेला नाही. ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ ह्या नावाने तो आजही चालू आहे, आणि त्याच्या अक्षराप्रमाणे मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. त्याच राज्यात १९८० नंतर नारायणगावला वाइनचा कारखाना निघाला, १९९९ साली नाशिकच्या द्राक्षमळ्यांत सुला ही कंपनी उभी राहिली, आणि २००१ साली सरकारने द्राक्षावरील प्रक्रियेच्या उद्योगाला उत्तेजन देणारे धोरणच जाहीर केले. कायदा बंदीचा आणि धोरण उत्तेजनाचे, असा हा दुहेरी संसार आहे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा केवढा वाद माजला ते आपणांस आठवत असेलच.

तर अशा ह्या गावात, अशा ह्या इतिहासानंतर, कोणा प्रौढ गृहस्थाला घरी सांग्रिया करावयाची असेल, तर आमचे सांगणे काय? पहिली गोष्ट अशी की, मुरविणे आणि आंबविणे ह्यांत गल्लत करू नये. परवान्याने विकत घेतलेल्या वाइनमध्ये फळे मुरविणे वेगळे आणि घरी रस आंबवून मद्य तयार करणे वेगळे. दुसऱ्याला सरकारी अनुज्ञप्ती लागते. कृती सोपी आहे. साडेसातशे मिलिलिटरची एक बाटली ताजी, फार जुनी न केलेली तांबडी वाइन घ्यावी. दोन मोसंब्यांचा व एका लिंबाचा रस, एका संत्र्याच्या सालीसकट चकत्या, एका सफरचंदाच्या फोडी, दोन-तीन चमचे साखरेचा पाक आणि बोटभर दालचिनी त्यात घालून चार तास शीतकपाटात ठेवावी. सालीच्या आतला पांढरा भाग फार वेळ राहिला तर कडू उतरतो, म्हणून संत्र्याच्या चकत्या रात्रभर ठेवू नयेत. वाढताना सोडा आणि बर्फ घालून एकंदर दीड लिटर करावे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. वाइनमध्ये तेरा टक्के मद्यार्क धरला, तर बाटलीत तो सुमारे ९७ मिलिलिटर असतो. दीड लिटरमध्ये पसरल्यावर त्याचे प्रमाण साडेसहा टक्के होते. म्हणजे दोनशे मिलिलिटरच्या एका पेल्यात शंभर मिलिलिटर वाइनइतका मद्यार्क आहे. फळांच्या गोडीने तो जिभेला कळत नाही, आणि तळाच्या फोडींतही तो मुरलेला असतो. म्हणून त्या फोडी मुलांच्या हाती जाऊ देऊ नयेत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मद्याने लघवीचे प्रमाण वाढते आणि शरीरातील पाणी कमी होते. उन्हातून आलेल्या मनुष्याला सांग्रिया देणे म्हणजे त्याची तहान भागविणे नव्हे. त्याला आधी पाणी द्यावे.

आणि ज्याला पाचवी वस्तू नको असेल, त्याने काय करावे? त्याच्यासाठी आपल्या कोकणाने सोय करून ठेवली आहे. द्राक्षाच्या सालीतील तांबडा रंग ज्या जातीच्या द्रव्यांनी येतो, त्याच जातीच्या द्रव्यांनी कोकमही लाल असते. वाइनच्या जागी कोकमाचे आगळ पाण्यात मिसळून घ्यावे, त्यात तीच फळे, तीच दालचिनी आणि चवीपुरता पाक घालावा. आगळात मीठ असते, ते घामाने गेलेल्या मिठाची भरपाई करते. रंग तोच, फोडी त्याच, भांडे तेच; आणि त्या भांड्यातून आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना एकाच पळीने वाढता येते.

आम्हांला जे म्हणावयाचे होते ते एवढेच. ह्या भांड्यातील पाच वस्तूंपैकी मद्य ही एकच. तिच्यावर राजांनी कायदे केले, तिच्यापायी घरे बुडाली, तिच्यावर आज उद्योगही उभे आहेत. ती घ्यावी की न घ्यावी, हा प्रौढ माणसाच्या विवेकाचा प्रश्न आहे. पण उरलेल्या चार वस्तूंनी जे काम केले, ते तिला कधी करता आले नसते. १९५० च्या त्या पहिल्या उन्हाळ्यात ह्या गावातील माणसांजवळ शेत नव्हते, वाडा नव्हता, छपरावर मंघ नव्हता. जे पेय त्यांच्यापाशी होते, त्यात नशा नव्हती. आणि तरीही भिजविलेले चार बदाम घोटून आलेल्याच्या हाती पेला देता येत होता. घर गेलेल्या मनुष्याला पाहुण्याचे स्वागत करता आले की तो पुन्हा यजमान होतो. उल्हासनगर हे गाव बराकींनी वसले नाही, ते अशा यजमानांनी वसविले, असे आम्हांला वाटते.

आता दाराशी असलेल्या पिंपाकडे जाण्यास आपण मोकळे आहात. आम्हीही येतो.